ग्रहांतराच्या कथेत यानाला इंजिन कोणतं बसवावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या आसपास कडोली, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमनी अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. तिथं विज्ञानकथेवर दोन शब्द बोलून खाली उतरलो, की मांडवाबाहेर चहाच्या टेबलापाशी पाच-सात पोरंपोरी गाठतातच. प्रश्न ठरलेले असतात. दर वेळी चहा गार होतो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय.

मी शास्त्रज्ञ नव्हे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सिलिंडरच्या शॉपमध्ये तीस वर्षं काढली आणि पाळी संपल्यावर कथा लिहिल्या. त्यामुळं दाखले इथलेच येतील. आकडे मात्र ताळा करून घेतलेत.

यान निघालं आणि पोचलं, एवढं लिहून भागत नाही का?

भागतं की. कथा जर दोन भावांच्या वाटणीची असेल आणि मंगळ नुसता मागं पडद्यासारखा असेल, तर इंजिनाचं नावही काढू नका. पण कथेत कुणी कुणाची वाट बघत असेल, औषध वेळेत पोचायचं असेल, कुणी पळून जात असेल किंवा कुणाचं कर्ज फिटायचं असेल, तर इंजिनाशिवाय सुटका नाही. इंजिन ठरलं की प्रवासाचे दिवस ठरतात, भाडं ठरतं, आणि भाडं कुणाला परवडतं तेही ठरतं.

हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला लागू नये. कोल्हापूर इथून सव्वाशे किलोमीटरच्या आत. एरवी सकाळी जाऊन अंबाबाईचं दर्शन घेऊन संध्याकाळी घरी. पण सीमाप्रश्न तापला आणि दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या, की तेच कोल्हापूर किती लांब जातं बघा. रस्ता तेवढाच असतो. बदलतं ते वेळापत्रक, आणि ते कुणाच्या हातात आहे ते. अंतराळातल्या कथेत हे काम इंजिन करतं.

मग सुरुवात इंजिनाच्या नावापासून करायची की दिवसांपासून?

दिवसांपासून. आधी ठरवा की तुमची माणसं वाटेत किती काळ राहायला हवीत. आठ-नऊ महिने एका डब्यात कोंडलेली सहा माणसं ही एक कथा, तीन आठवड्यांचा प्रवास ही दुसरी, आणि दोन दिवसांत मंगळावर उतरणं ही तिसरीच. प्रत्येकीचं इंजिन वेगळं.

कमीत कमी इंधनात जाण्याची वाट वॉल्टर होमान या जर्मन अभियंत्यानं १९२५ साली मांडली. पृथ्वीच्या कक्षेला एका टोकाला आणि समोरच्या ग्रहाच्या कक्षेला दुसऱ्या टोकाला टेकणारी लंबवर्तुळाची अर्धी फेरी. या वाटेनं शुक्राला साधारण १४६ दिवस लागतात, मंगळाला २६० च्या आसपास आणि गुरूला पावणेतीन वर्षं. इंजिन फक्त निघताना आणि पोचताना चालतं. मधला सगळा वेळ यान नुसतं वाहत असतं.

याहून लवकर जायचं तर इंजिन वाटभर चालू ठेवावं लागतं: अर्धी वाट वेग वाढवायचा, मग यान उलटं फिरवून अर्धी वाट कमी करायचा. मंगळ ७.८ कोटी किलोमीटरवर आहे असं धरून, सूर्याची ओढ आणि ग्रहांची चाल बाजूला ठेवून, कथेपुरता हिशेब असा निघतो. पृथ्वीच्या गुरुत्वाच्या हजाराव्या भागाइतका रेटा सतत मिळाला तर ६५ दिवस. शंभरावा भाग मिळाला तर २० ते २१ दिवस. पूर्ण एक गुरुत्व मिळालं तर दोन दिवस. ऐकायला सोपं वाटतं. यानानं एकूण करायचा वेगबदल मात्र या तीन ठिकाणी अनुक्रमे सेकंदाला ५५, १७५ आणि १७५० किलोमीटर होतो. पृथ्वीजवळच्या कक्षेतून होमानच्या वाटेला लागायला फक्त ३.६ किलोमीटर पुरतात. इंजिनाचा सगळा झगडा या आकड्यांमधला आहे.

रॉकेटचं समीकरण गणित न घालता सांगाल का?

सौंदत्तीच्या यल्लम्माला पूर्वी लोक बैलगाडीनं जायचे. गाडीत माणसं, भांडीकुंडी आणि बैलांसाठी कडबा. आता समजा, वाटेत कुठंच वैरण मिळणार नाही. मग सगळा कडबा घरूनच न्यायचा. पण त्या कडब्याचं ओझं ओढायला बैलांना जास्त खावं लागणार, म्हणजे कडबा आणखी हवा, आणि तो ओढायला आणखी. गाडी लांबच्या वाटेला निघाली की तिच्यात माणसांना बसायला जागाच उरत नाही, नुसत्या पेंढ्याच.

हेच कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्कीनं १९०३ साली छापलं. त्यात महत्त्वाच्या गोष्टी दोन: नळीतून बाहेर पडणाऱ्या झोताचा वेग, आणि भरलेलं यान रिकाम्या यानाच्या किती पट जड आहे ते. झोताचा वेग जेवढा, तेवढाच वेगबदल हवा असेल, तर भरलेलं यान रिकाम्याच्या २.७ पट लागतं. दुप्पट वेगबदल हवा तर ७.४ पट. तिप्पट हवा तर २० पट. म्हणून झोत जेवढा वेगवान तेवढा कडबा कमी, आणि इंजिनांची सगळी जातपात या एका आकड्यावरून लागते.

खरा दाखला हवा असेल तर आपलं मंगलयान घ्या. निघताना वजन १३३७ किलो, त्यात ८५२ किलो नुसतं इंधन.

रासायनिक इंजिन आता जुनाट नाही वाटत?

वाटू दे. नवख्या लेखकाला मी पहिली कथा यावरच लिहायला सांगतो. याचा प्रत्येक भाग कुणीतरी हातानं बनवलाय, चालवलाय आणि बिघडवलाय. त्यामुळं कथेत बिघाड कसा लिहायचा हे कळतं.

हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळलं तर झोताचा वेग सेकंदाला साधारण ४.४ किलोमीटर मिळतो. मिथेन आणि ऑक्सिजनला पावणेचारच्या जवळपास. मंगलयानासारख्या यानांत वापरतात ती एकमेकांना भिडताच पेटणारी द्रव्यं तीनच्या थोडी वर जातात, पण ती टाकीत महिनोन् महिने टिकतात. हायड्रोजनचा आकडा मोठा म्हणून पोरं त्याच्या मागं लागतात. पण तो द्रव ठेवायला उणे २५३ अंश सेल्सिअस लागतं, आणि एक घनमीटरमध्ये तो फक्त ७१ किलो मावतो. पाणी त्याच जागेत हजार किलो मावतं. म्हणजे टाकी अवाढव्य, शिवाय तो बारीक फटीतूनही निसटणारा.

गळतीवर मी बोलायला लागलो की थांबत नाही, पण हे सांगायलाच हवं. आमच्या शॉपमध्ये शंभरातले नव्वद परत आलेले सिलिंडर सीलपायी यायचे. पितळ, लोखंड, क्रोम सगळं ठणठणीत, आणि रबराची वीतभर रिंग तेवढी दगा द्यायची. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान सात माणसांसकट गेलं ते बाजूच्या घन इंधनाच्या रॉकेटच्या जोडातल्या अशाच रिंगमुळं. थंडीत तिचा लवचीकपणा गेला आणि गरम वायूला वाट मिळाली. तुमच्या कथेतला अपघात उल्का आदळून होण्यापेक्षा सीलमुळं होऊ दे. खरा वाटतो.

मिथेनची गंमत अशी की तो मंगळावर करता येतो. तिथल्या हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर आहे. बर्फातून हायड्रोजन काढला की दोन्हींपासून मिथेन आणि पाणी तयार करण्याची साबातिए प्रक्रिया ठाऊकच आहे. ऑक्सिजन तर तिथं करूनही झालाय: पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या मॉक्सी या उपकरणानं २०२१ ते २०२३ मध्ये १६ वेळा चालून मिळून १२२ ग्रॅम काढला. एवढ्यात यान भरत नाही, पण कथा भरते. परतीचा कडबा तिकडंच पिकवायचा म्हटल्यावर मंगळावर इंधनाचा कारखाना आला. कारखाना आला की चेअरमन आला, आणि पुढचं तुम्हाला मी सांगायला नको. चिकोडी-अथणीकडची पोरं हे वाक्य ऐकून आधी हसतात आणि मग लिहायला बसतात.

मंगळाची खिडकी हुकली म्हणजे नेमकं काय होतं?

गळीत हंगाम हुकतो, दुसरं काय. पृथ्वी आणि मंगळ दर २६ महिन्यांनी सोयीच्या जागी येतात. त्या काही आठवड्यांना खिडकी म्हणतात. तेव्हा निघालात तर कमी इंधनात पोचता. उशीर झाला की पुढचे दोन वर्षं बसून राहा. गुरूसाठी ही वेळ साधारण १३ महिन्यांनी येते.

रासायनिक इंजिनावर चालणारा समाज या खिडकीभोवतीच जगेल, आणि मला स्वतःला या विषयात सगळ्यात जास्त रस इथं आहे. आपल्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांनी आधी उचल घेतलेली असते, आणि हंगामभर ती फेडण्यासाठी राबणं चालतं. फडातला ऊस तोडल्यावर उशिरा गाळला तर उतारा घटतो, म्हणून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रात्रंदिवस रांग. आता हेच मंगळावर नेऊन बघा. खिडकी उघडली की मजूर येतात, २६ महिन्यांची उचल अंगावर घेऊन. खिडकी मिटेपर्यंत फेड झाली नाही, तर परतीची जागा दुसऱ्याला जाते. मुलांची वयं सुद्धा खिडकीत मोजतील: "तिसऱ्या खिडकीतला जन्म माझा." लग्नं कधी होतील? मयताला कोण येईल? कोणाला वाट्टेल तेव्हा येता येतं आणि कोणाला खिडकीचीच वाट बघावी लागते?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे वेगवान इंजिन. मालकाकडं ६५ दिवसांचं यान आहे आणि मजुराकडं २६० दिवसांचं, एवढ्यावर कादंबरी उभी राहते.

आयन इंजिन म्हणजे काय? ते एवढं दुबळं कसं?

झेनॉनसारख्या वायूच्या अणूंना विजेचा भार द्यायचा आणि विद्युत क्षेत्रानं त्यांना मागं फेकायचं. झोताचा वेग सेकंदाला ३० ते ४० किलोमीटर, म्हणजे रासायनिकच्या सात-आठ पट. कडबा एकदम कमी. नासाचं डॉन यान २००७ मध्ये निघालं, २०११ ला व्हेस्टा या लघुग्रहापाशी आणि २०१५ ला सेरेस या बटुग्रहापाशी पोचलं. पृथ्वी सोडून दोन वेगवेगळ्या खगोलांभोवती फिरणारं ते पहिलं यान. बरोबर ४२५ किलो झेनॉन होता आणि त्यावर त्यानं ११ किलोमीटरहून जास्त वेगबदल केला.

रेटा मात्र जास्तीत जास्त ९० मिलिन्यूटन. तळहातावर कागदाचा एक ताव ठेवला तर जेवढा भार लागतो तेवढा. ताशी शंभराच्या आसपास वेग यायला डॉनला चार दिवस लागायचे.

दुबळेपणाचं कारण वीज. झोत जितका वेगवान, तितकी एका न्यूटन रेट्यामागं जास्त शक्ती लागते. ट्रॅक्टरचा गिअर आठवा: पहिल्यात दोन ट्रॉल्या चढाला ओढेल पण पळणार नाही, आणि वरच्या गिअरमध्ये पळेल पण ओढणार नाही. इंजिनाची ताकद तीच. सेकंदाला ३० किलोमीटरच्या झोतानं एक न्यूटन रेटा हवा तर नुसत्या झोतातच १५ किलोवॅट जातात, आणि वाटेतली तूट धरली तर सौर पॅनेलमधून २० ते २५ किलोवॅट लागतात.

कथेसाठी आणखी एक धागा देतो. हवेच्या एक कोटी भागांत झेनॉनचा पुरता एक भागही नसतो. मोठी व्यापारी जहाजं झेनॉनवर चालवलीत तर तो कुठून आणता ते सांगा. क्रिप्टन किंवा आर्गॉन स्वस्त पडतात, काम थोडं कमी देतात. गरीब कंपनीचं यान आर्गॉनवर आणि सरकारी यान झेनॉनवर, असं लिहिलंत तरी वाचकाला मालकांची ऐपत कळते.

अणुभट्टी बसवली तर?

दोन तऱ्हा आहेत. पहिलीत भट्टीच्या गाभ्यातून हायड्रोजन थेट जाऊ द्यायचा, तो तापतो आणि नळीतून सुटतो. जाळायला ऑक्सिजन लागतच नाही. अमेरिकेत १९५५ पासून यावर काम झालं, नेवाडाच्या वाळवंटात इंजिनं जमिनीवर चालवून पाहिली आणि १९७३ ला गुंडाळून ठेवलं. झोताचा वेग आठ किलोमीटरच्या पुढं, म्हणजे चांगल्या रासायनिकच्या जवळपास दुप्पट. त्याहून फार वर जात नाही, कारण गाभा वितळेल. फाउंड्रीत काम केलेल्याला हे लगेच पटतं: भट्टीला कितीही ताव द्या, अस्तर जेवढं सोसेल तेवढाच.

दुसऱ्या तऱ्हेत भट्टीवर वीज करायची आणि ती आयन इंजिनाच्या मोठ्या भावंडांना द्यायची. ६५ दिवसांत मंगळ गाठणारं हजार टनांचं यान घ्या, झोताचा वेग सेकंदाला ५० किलोमीटर धरा. नुसत्या झोताची शक्ती २४५ मेगावॅट होते. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या कैगा अणुवीज केंद्राचा एक संच २२० मेगावॅटचा आहे. म्हणजे कैगाच्या एका संचाहून जास्त वीज देणारी भट्टी, आणि ती हजार टनांत माणसं, माल, इंधन यांच्यासकट बसवायची. आजच्या कोणत्याही भट्टीला हे जमणार नाही. विज्ञानकथेनं दोन-तीन पिढ्या पुढं जाऊन एवढं मागून घ्यायला माझी हरकत नाही.

कैगावरून आठवलं. तिथला पहिला संच २०१८ च्या अखेरीस बंद केला तेव्हा तो ९६२ दिवस न थांबता चाललेला होता. त्या वेळी तो जागतिक विक्रम होता. गुरूची सावकाश वाट साधारण ९९७ दिवसांची आहे. पस्तीस दिवस कमी पडतात. तेवढ्या फटीत एक दीर्घकथा बसते.

तुम्ही प्रत्येक कथेवर 'रेडिएटर कुठाय?' असा शेरा का मारता?

कारण माझ्या पहिल्या कथेत मीच विसरलो होतो. कडोलीकडच्या एका निवृत्त मास्तरांनी पत्र लिहून कळवलं, तेही पोस्टकार्डावर, म्हणजे पोस्टमनासकट सगळ्यांनी वाचलं.

लोकांना वाटतं अंतराळ थंड आहे, यान आपोआप गार होईल. होत नाही. निर्वात म्हणजे थर्मासच. आजूबाजूला हवा नाही, पाणी नाही, त्यामुळं उष्णता फक्त प्रारणानं, म्हणजे किरणांच्या रूपात, बाहेर जाते. गुऱ्हाळात चुलाणाची धग चारी बाजूंनी हवेत जाते आणि वर धुराड्यातूनही जाते. त्या चुलाणाला घोंगडीत गुंडाळलं तर काय होईल, तशी यानाची गत. म्हणून रेडिएटर, म्हणजे पक्ष्याच्या पंखांसारखे पसरट, न फिरणारे मोठाले पंखे बाहेर पसरावे लागतात, आणि ते तापून ती उष्णता फेकतात.

इथं एक नियम फार कामाचा आहे. निरपेक्ष तापमान, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसला शून्य धरून केल्व्हिनमध्ये मोजलेलं, दुप्पट केलं की फेकली जाणारी उष्णता सोळा पट होते. आपल्या २४५ मेगावॅटच्या यानाला ५०० मेगावॅट उष्णता फेकायची आहे असं धरू. पंखे दोन्ही बाजूंनी फेकतात, तापमान १००० केल्व्हिन. क्षेत्रफळ येतं साधारण ४४ गुंठे. एकराहून थोडं जास्त. तेच पंखे ५०० केल्व्हिनवर ठेवले तर सतरा एकरांच्या वर जाऊन बसतं. हा आकडा मी संमेलनात सांगतो तेव्हा मागच्या रांगेतले शेतकरी पहिल्यांदा मान वर करतात.

यातून यानाचं रूपही ठरतं. टोकदार, माशासारखं, पंख मिटलेलं यान चित्रात छान दिसतं, पण अणुभट्टीचं यान लालबुंद तापलेल्या पानांचं झाड असतं. ते लपू शकत नाही, उष्णतेचा कॅमेरा असलेल्या कुणालाही दुरून दिसतं. चोरून येणारं चाच्यांचं जहाज लिहायचं असेल तर भट्टी बंद ठेवून वाहत येऊ द्या, आणि मग त्यांना महिने लागू द्या. पंख्याला भोक पडलं की तापलेला द्रव गळतो, म्हणजे पुन्हा सीलच. मी सांगितलं होतं.

दोन दिवसांत मंगळ हवाच असेल तर?

एक गुरुत्वाचा रेटा सतत, म्हणजे माणसांना चालायला जमीन, स्नायूंचा प्रश्न मिटला, वाटेतलं अंतराळातलं घातक प्रारण कमी लागलं. लेखकाला हे सगळंच हवं असतं. किंमत बघा. हजार टनांचं यान, झोताचा वेग सेकंदाला हजार किलोमीटर धरला, तर झोताची शक्ती पाच टेरावॅटच्या जवळ जाते. सगळ्या जगात वर्षभर बनणारी वीज सरासरीनं यापेक्षा कमी भरते. एका यानासाठी.

आणि दुसरी भानगड. अर्ध्या वाटेवर यानाचा वेग सेकंदाला ८७५ किलोमीटर असतो. तिथं ते उलटं फिरलंच नाही आणि तसंच येऊन आदळलं तर? त्या वेगाला एका किलोमागं नव्वद टन टीएनटी या स्फोटकाएवढी ऊर्जा असते, आणि यान आहे हजार टनांचं. असं यान कुणा खाजगी माणसाच्या हातात कोणतं सरकार मोकळं सोडेल? कोरोनात महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर एका कागदासाठी माणसं कशी अडकली ते ज्यांनी बघितलंय, त्यांना असला अंतराळ-नाका लिहायला जड जाणार नाही. दोन दिवसांचा प्रवास आणि पंधरा दिवसांची तपासणी. मला ही कथा अजून कुणी लिहून दाखवलेली नाही.

संलयन आणि प्रतिद्रव्य?

संलयन, म्हणजे सूर्यात होतं तसं हलके अणू जोडून ऊर्जा काढणं, खुशाल घ्या, पण नियम स्वतः घाला आणि पाळा. किती टनांची भट्टी, किती उष्णता, इंधन कोणतं. हेलियम-३ चंद्रावर मिळतं असं सगळे लिहितात, पण तिथल्या मातीत त्याचं प्रमाण अब्जात काही भाग एवढंच असतं, त्यामुळं खाणकामाचा पसारा दाखवायला विसरू नका.

प्रतिद्रव्य म्हणजे साध्या द्रव्याच्या उलट भाराचं, त्याला भिडताच दोन्ही नाहीसं होऊन ऊर्जा देणारं द्रव्य. ते एक ग्रॅम, साध्या द्रव्याच्या एका ग्रॅमला भिडलं तर साधारण ४३ किलोटन टीएनटीएवढी ऊर्जा. करायला प्रचंड खर्च, आणि भांड्याला टेकू द्यायचं नाही. सीलवाल्या माणसाला याची स्वप्नं सुद्धा नकोत.

सौर शीड कथेत चालतं का? आणि अणुबॉम्ब फोडत जाणारं यान?

शीड, म्हणजे उन्हाच्या रेट्यावर चालणारा पातळ पडदा, चालतं, पण धीर धरावा लागतो. जपानच्या इकारोस यानानं २०१० मध्ये १४ मीटर बाजूचं शीड उघडून शुक्राची वाट धरली. पृथ्वीच्या अंतरावर आरशासारख्या शीडाला एका चौरस मीटरमागं नऊ मायक्रोन्यूटन मिळतात, म्हणजे एक चौरस किलोमीटरच्या शीडाला किलोभर वजनाइतकाही रेटा नाही. टपाल, बियाणं, मूर्ती, असा घाई नसलेला माल शीडावर पाठवा.

बॉम्बचं यान म्हणजे ओरायन प्रकल्प, १९५८ ते १९६५. मागं छोटे अणुबॉम्ब फोडायचे आणि जाड तबकडीनं धक्का झेलायचा. हिशेबात ते बसत होतं. १९६३ च्या करारानं वातावरणात आणि अंतराळात अणुस्फोटांवर बंदी आली आणि प्रकल्पाचा आधारच गेला. ज्या जगात तो करार मोडलाय अशा जगातच हे यान लिहा, आणि तो कुणी मोडला ते आधी ठरवा.

एका यानाला एकच इंजिन हवं का?

अजिबात नको, आणि ही चूक फार दिसते. गोव्याहून लोंढ्याकडं येणारी मालगाडी कुळे ते कॅसलरॉक या घाटात बघा. १:३७ चा चढ. तेवढ्यापुरती जादा इंजिनं लावतात, ज्यांना रेल्वेवाले बँकर म्हणतात. घाट संपला की ती सुटी होतात, कारण सपाटीवर त्यांचं ओझं कुणाला हवंय?

पृथ्वीवरून उठायला रेटा वजनाहून जास्त हवा, तिथं रासायनिकच. आयन इंजिन लावलेलं यान जमिनीवरून जन्मात उठणार नाही. वर गेल्यावर सावकाश वाटेला आयन किंवा अणुवीज. मंगळावर उतरायला पुन्हा रासायनिक. तीन यानं, तीन चालक, तीन युनियन.

रासायनिक इंजिन कुठं पेटवावं यालाही कला आहे. नागपंचमीला झाडाला झोका बांधतात. ढकलणारा शहाणा असेल तर झोका खाली, सर्वांत वेगात असताना जोर लावतो. यानाचंही तसंच: ग्रहाच्या अगदी जवळून, वेग सर्वांत जास्त असताना इंजिन पेटवलं तर तेवढ्याच इंधनात जास्त ऊर्जा पदरात पडते. मंगलयानानं पृथ्वीभोवती असेच टप्प्याटप्प्यानं जोर लावत कक्षा वाढवली आणि १ डिसेंबर २०१३ ला सुटलं. त्याचं मुख्य इंजिन ४४० न्यूटनचं होतं, सिमेंटचं एक पोतंही उचललं नसतं. ते जवळपास ३०० दिवस झोपून राहिलं. मंगळापाशी ते पुन्हा पेटेल का हे बघायला २२ सप्टेंबर २०१४ ला चारेक सेकंद चालवून पाहिलं, आणि २४ तारखेला खरं चालवलं. त्या चार सेकंदांवर मी दोनदा कथा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा फाडली.

मराठीत हे शब्द लिहायचे कसे?

पाठ्यपुस्तकात 'प्रणोदन', 'विशिष्ट आवेग' असे शब्द आहेत. निवेदनात एखाद्या वेळी खपतात. पण निपाणीचा फिटर यानात बसून 'प्रणोदन प्रणाली' म्हणणार नाही. तो इंजिन म्हणेल, नोझल म्हणेल, रेटा म्हणेल, प्रेशर उतरलं म्हणेल. बेळगावची पात्रं असतील तर त्यांना त्यांची बोली ठेवा:

"काय करूलास रे तितं?"

"पंखा गळूलालाय, बघूलालोय."

पुण्याचा संपादक हे दुरुस्त करून पाठवेल. परत पूर्ववत करून पाठवा. आणि यानावर अर्धी माणसं कन्नड बोलणारी असतील, जशी आपल्या गल्लीत आहेत. भांडणापुरती त्यांना आणू नका, चहालाही बोलवा.

माझं यान गुरूपर्यंत सौर पॅनेलवर आयन इंजिन चालवत जातं. चालेल का?

गुरूपाशी ऊन पृथ्वीच्या सत्ताविसाव्या भागाइतकं उरतं, चौरस मीटरमागं जेमतेम ५० वॅट, आणि त्यातलीही सगळी वीज होत नाही. नासाच्या जुनो यानानं तिथं सौर पॅनेलवरच काम केलं, ही गोष्ट खरी. पण त्याची तीन पॅनेलं जवळपास नऊ-नऊ मीटर लांबीची आहेत आणि गुरूपाशी पोचल्यावर त्यांतून वीज मिळाली ती ५०० वॅटच्या आसपास. तेवढ्यावर उपकरणं चालतात. घरी स्वयंपाकघरातला मिक्सर बघा, त्याच्या बुडाला वॅट लिहिलेले असतात. बहुतेक ५०० ते ७५० च्या मध्ये सापडतील. तेव्हा मंगळाच्या पुढं गेलात की भट्टी घाला, किंवा पॅनेलं गुंठ्यांत मोजायला लागा.